मूल चिडते, रडते, रुसते तेव्हा : घरातल्या मोठ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

साधारण तीन ते दहा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी हा लेख लिहिला आहे. आमच्या नागपूरच्या घरी दोन मुले आहेत. मोठी मुलगी सगळे मनात ठेवणारी आणि धाकटा मुलगा क्षणात पेट घेणारा. दोघांना वाढवताना बालरोगतज्ज्ञांकडून, समुपदेशकांकडून, वाचनातून आणि रोजच्या अनुभवातून जे हाती लागले, ते नव्याने या वाटेवर आलेल्या पालकांना एका ठिकाणी मिळावे, हा यामागचा हेतू आहे. सल्ला देणारे नागपुरात काय किंवा कुठेही काय, पुष्कळ भेटतात. ‘दोन ठेवून द्या, ताळ्यावर येईल’ असे म्हणणारे भेटतात आणि ‘लहान आहे, करू द्या त्याच्या मनासारखे’ असे म्हणणारेही भेटतात. या दोहोंच्या मध्ये नेमके काय करायचे आणि कोणत्या क्रमाने करायचे, हे मात्र क्वचितच कोणी नीट सांगते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचे सगळे टप्पे तिच्यावर उभे आहेत. भावना हाताळण्याचे शिक्षण मूल शांत असताना द्यायचे असते. मूल संतापाने किंवा रडण्याने बेभान झालेले असताना त्याला काहीही शिकवता येत नाही. त्या वेळी त्याला सांभाळायचे असते, एवढेच. बहुतेक घरांत नेमके उलटे होते: मूल ओरडत असताना त्याला तासभर समजावले जाते आणि ते हसत-खेळत असताना ‘आता कशाला तो विषय’ म्हणून सोडून दिले जाते.

लागणारे साहित्य

- एक साधी वही आणि पेन, नोंदी ठेवण्यासाठी.
- जाड कागद आणि रंगखडू, भावनांचा तक्ता मुलासोबत तयार करण्यासाठी.
- घरातला एक कोपरा, एक जुनी गोधडी, उशी आणि मुलाच्या आवडीच्या दोन-तीन शांत वस्तू.
- घरातील सर्व मोठ्या माणसांचा एकत्र बसून अर्धा तास. ही या यादीतली सर्वांत अवघड गोष्ट आहे, पण तिच्यावाचून बाकीच्यांचा फारसा उपयोग होत नाही.

तज्ज्ञांकडे जाण्याची वेळ आली तर लागणारी कागदपत्रे शेवटच्या टप्प्यात दिली आहेत.

१. वयानुसार अपेक्षा ठरवा

आवेग आवरणे, थांबणे, परिणामांचा विचार करणे ही कामे मेंदूचा जो पुढचा भाग करतो, त्याची वाढ वयाच्या विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. धोक्याची आणि भीतीची जाणीव करून देणारा भाग मात्र फार लवकर कामाला लागतो. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाला राग मोठ्या माणसाइतकाच तीव्र येतो, पण तो आवरण्याची यंत्रणा त्याच्याजवळ अजून तयार झालेली नसते. ‘मुद्दाम करतोय’ हा निष्कर्ष काढण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

दीड ते चार वर्षांच्या मुलांनी जमिनीवर लोळण घेणे, वस्तू फेकणे, चावणे हे वाढीच्या क्रमात येतेच. भाषा वाढते तसे ते कमी होत जाते. तीन ते सहा या वयात कल्पनाशक्ती झेप घेते आणि तिच्यासोबत अंधार, भुते, मोठे आवाज यांच्या भीतीही येतात. सात-आठ वर्षांच्या आसपास मुलाला एकाच वेळी दोन भावना असू शकतात हे उमगू लागते. मावशीचे लग्न झाल्याचा आनंदही आहे आणि ती आता पुण्याला जाणार याचे दुःखही आहे, असे ते सांगू शकते. नऊ-दहा वर्षांची मुले भावना लपवायला शिकलेली असतात, आणि म्हणून शांत दिसणाऱ्या मुलाकडे या वयात अधिक लक्ष द्यावे लागते. आमच्या मुलीच्या बाबतीत ‘किती समजूतदार आहे’ हे कौतुक सगळ्यांकडून होत असे. ती परीक्षेच्या आठवड्यात नेमाने पोट दुखते म्हणायची, त्याकडे मात्र कोणी भावना म्हणून पाहत नव्हते.

रडता रडता श्वास रोखून निळे पडणारे लहान मूल असेल, तर ते हट्टाचे लक्षण समजून सोडून देऊ नका. बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. अशा काही मुलांमध्ये लोहाची कमतरता आढळते आणि तिच्यावर उपाय केल्यावर हा त्रास बऱ्याचदा कमी होतो.

२. पंधरा दिवस फक्त नोंदी ठेवा

काहीही बदलण्यापूर्वी वहीत चार गोष्टी लिहायला सुरुवात करा: उद्रेक किती वाजता झाला, त्याच्या आधी काय घडले, मूल शेवटचे केव्हा जेवले व आदल्या रात्री किती झोपले, आणि मोठ्यांनी त्या वेळी काय केले. एका प्रसंगाला दोन ओळी पुरेत. पंधरा दिवसांनी वही उलटून पाहिली की बहुतेक घरांत एक ठरावीक आकृती दिसते.

झोप हा पहिला मुद्दा निघतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून दिवसभरात १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. रात्री साडेअकराला झोपून सकाळच्या शाळेसाठी साडेपाचला उठणाऱ्या मुलाला कोणतेही समुपदेशन पुरणार नाही. दुसरा मुद्दा भूक. शाळेतून परतल्यावरचा अर्धा तास हा अनेक घरांत दिवसातला सर्वांत स्फोटक वेळ असतो, आणि दारातच ‘डबा का नाही संपवला?’ असे विचारण्याऐवजी हातात पाणी आणि काहीतरी खायला दिले, तर निम्मे वाद सुरूच होत नाहीत.

नागपुरात तिसरा मुद्दा उन्हाचा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, शाळा जूनच्या अखेरीपर्यंत बंद असतात आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहापर्यंत मुले कूलरसमोर चार भिंतींत अडकून पडतात. हालचाल नाही, झोपेची वेळ बिघडलेली, हातात मोबाइल, भावंडे एकाच खोलीत. अशा वेळी भांडणे वाढली तर त्याचा दोष मुलाच्या स्वभावाला देऊ नये. उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ या वेळेत मुलांना अंगणात, गच्चीवर किंवा जवळच्या बागेत मनसोक्त धावू द्यावे, दुपारी पाण्यातले खेळ, माती, कणीक मळणे असे हाताने करण्याचे काम द्यावे, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर पुन्हा बाहेर काढावे. आमच्या घरी एका उन्हाळ्यात केवळ या बदलाने दुपारची मारामारी बऱ्यापैकी थांबली.

मोबाइलबद्दल वेगळे सांगायला हवे. रडणाऱ्या मुलाच्या हाती मोबाइल दिला की ते गप्प होते, हे खरे आहे. पण ते शांत व्हायला शिकलेले नसते. त्याचे लक्ष दुसरीकडे गेलेले असते, आणि अस्वस्थ वाटले की पडदा मागायचा ही सवय मात्र पक्की होते. दोन वर्षांखालील मुलांना पडदा अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. शांत करण्याचे साधन म्हणून तर तो कोणत्याच वयात वापरू नये.

३. भावनांना शब्द द्या

ज्या मुलाजवळ शब्द नसतो ते हातपाय वापरते. मनातल्या भावनेला नाव दिल्याने तिची तीव्रता काहीशी उतरते, हे मेंदूच्या अभ्यासातूनही दिसून आले आहे. अडचण अशी की आपण मुलांशी बोलताना राग, दुःख, आनंद आणि भीती या चार शब्दांच्या पुढे सहसा जात नाही. वास्तविक मराठीत या बाबतीत मोठी श्रीमंती आहे. चिडणे आणि वैतागणे निराळे. रुसणे आणि रागावणे निराळे. हिरमोड, हेवा, धास्ती, हुरहुर, ओशाळलेपणा, कंटाळा, एकटेपणा, कौतुक, दिलासा हे सगळे शब्द पाच-सहा वर्षांच्या मुलाला योग्य प्रसंगी ऐकायला मिळाले, तर ते सहज उचलते.

यासाठी तक्ता तयार करायचा. जाड कागदावर मुलाकडूनच चेहरे काढून घ्या आणि प्रत्येकाखाली नाव लिहा. सुरुवात पाच-सहा चेहऱ्यांनी करा. रात्री जेवताना घरातील प्रत्येकाने ‘आज मला केव्हा काय वाटले’ हे एका वाक्यात सांगायचे, आणि त्यात मोठ्यांनी आधी बोलायचे. बाबांनी ‘आज वरिष्ठांनी सगळ्यांसमोर टोकले तेव्हा मी ओशाळलो’ असे सांगितले, तर मुलाला हे वाटणे सर्वांच्या वाट्याला येते हे कळते. मुलाला बोलायचे नसेल त्या दिवशी त्याला वगळा. उलटतपासणी होऊ लागली की हा प्रघात दोन दिवसांत बंद पडतो.

लहान मुलांना भावनेचे नाव सांगणे जड जाते, तेव्हा शरीरापासून सुरुवात करा. पोटात गोळा आला का, छातीत धडधडतेय का, कान गरम झाले का, घशात काही अडकल्यासारखे वाटतेय का, मुठी आवळल्या आहेत का, असे विचारा. पोटात गोळा म्हणजे बहुधा भीती आणि गरम कान म्हणजे बहुधा राग, हे मुलाला हळूहळू स्वतःच कळू लागते, आणि राग डोक्यात जाण्याआधी तो कानापाशी असतानाच ओळखता येणे हे पुढच्या सगळ्या शिकण्याचे मूळ आहे. आमच्या धाकट्याने एकदा स्वयंपाकघरात येऊन ‘आई, माझे कान गरम झालेत, तू ताईला बाहेर बोलाव’ असे सांगितले होते. त्या दिवशी ताईला मार बसला नाही.

‘का?’ हा प्रश्न मात्र शक्यतो टाळा. ‘का मारलेस?’ याचे उत्तर मुलाला खरोखर ठाऊक नसते, आणि दटावून विचारले की ते एकतर गप्प बसते किंवा खोटे सांगते. ‘काय झाले होते?’ असे विचारले तर हकीकत मिळते.

४. शांत होण्याचा सराव, शांत असतानाच

घरातला एक कोपरा निवडून तिथे गोधडी, उशी, चित्रांचे पुस्तक, पिळायला मऊ चेंडू अशा वस्तू मुलाला स्वतः मांडू द्या. हा कोपरा शिक्षेचा नाही. ‘जा, कोपऱ्यात जाऊन बस’ असे एकदा जरी रागाने म्हटले गेले, तरी त्या जागेचा उपयोग संपतो. मोठ्यांनीही अधूनमधून तिथे बसावे आणि ‘मला जरा शांत व्हायचे आहे’ असे सांगावे.

श्वासाचा सराव रोज झोपताना दोन मिनिटे करावा. नाकाने हळू श्वास आत घ्यायचा आणि गरम वरणावर फुंकर घालतो तसा तोंडाने हळूहळू बाहेर सोडायचा. बाहेर सोडण्याचा वेळ आत घेण्यापेक्षा लांब असू द्या, कारण श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते आणि शरीराला शांत होण्याचा इशारा मिळतो. लहान मुलांच्या पोटावर एखादे हलके खेळणे ठेवून ते वर-खाली होताना पाहायला सांगितले, तर त्यांना तो खेळच वाटतो. काही मुलांना श्वासापेक्षा जोर लागणारी कामे मानवतात: भिंत दोन्ही हातांनी ढकलणे, पाण्याची बादली उचलून नेणे, कणीक तिंबणे. मुलागणिक उपाय वेगळा असतो. दोन-तीन करून पाहावेत आणि लागू पडेल तो धरावा.

इथली नेहमीची चूक म्हणजे पहिल्यांदाच रडणाऱ्या मुलाला ‘दीर्घ श्वास घे’ असे सांगणे. ज्याचा सराव झालेला नाही ते ऐन वेळी जमत नाही, आणि मग मूल त्या सूचनेवरच चिडते.

५. ऐन उद्रेकाच्या वेळी

क्रम लक्षात ठेवा: आधी स्वतः, मग मुलाचे शरीर, मग भावना, मग मर्यादा आणि सर्वांत शेवटी उपाय. हा क्रम उलटा झाला की प्रसंग लांबतो.

आधी स्वतः. आपला आवाज चढला असेल, तर मुलाचा उतरणार नाही. खोलीत शिरण्याआधी एक लांब श्वास सोडा, आणि फारच संताप आला असेल व घरात दुसरे मोठे माणूस असेल, तर मुलाला त्यांच्याकडे सोपवून पाच मिनिटे बाजूला व्हा. मग मुलाच्या उंचीला बसा. आसपास टोकदार किंवा फुटणारे काही असेल तर हलवा. ते मारत असेल तर त्याचा हात घट्ट पण न दुखवता धरा आणि एकच छोटे वाक्य बोला: ‘मी तुला मारू देणार नाही. मी इथेच आहे.’ काही मुलांना जवळ घेतलेले चालते, काहींना अजिबात स्पर्श नको असतो. नको असेल तर दोन हात अंतरावर बसून राहा. या वेळी कमीत कमी बोला. पाच शब्दांहून मोठे वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

रडण्याची लय मंदावली, श्वास हुंदक्यांवर आला, की भावनेला नाव द्या. इथे आमच्या घरचा एक प्रसंग सांगते. तान्ह्या पोळ्याला धाकट्याने आपल्या लाकडी बैलाला बेगड, मणी आणि माझ्या जुन्या साडीच्या काठाची झूल लावून सजवले होते. स्पर्धेत त्याचा नंबर आला नाही. मंडपातल्या खुर्च्यांच्या मागे बसून तो झूल ओढून काढत होता. आबाजी प्रेमाने म्हणाले, ‘काहून रडून राहिला रे बाबू? पुढच्या वर्षी याच्याहून मोठा बैल आणू.’ त्याने बैल लांब ढकलला आणि आणखीच जोरात रडू लागला. मी शेजारी बसले. बऱ्याच वेळाने म्हटले, ‘इतकी मेहनत केलीस आणि नंबर नाही आला. हिरमोड झाला.’

‘त्याचा बैल विकतचा सजवलेला होता,’ तो म्हणाला.

‘म्हणजे तुला ते बरोबर नाही वाटलं.’

‘हो. आणि माझा मी स्वतः केला होता.’

यानंतर तो माझ्या मांडीवर डोके ठेवून रडला, पण ते रडणे वेगळे होते, आणि थोड्या वेळाने त्याने स्वतःच झूल पुन्हा बांधायला मागितली. घरोघरी बोजारा (बैल घेऊन आलेल्या मुलांना मिळणारा खाऊ-पैसे) मागायलाही गेला. आबाजींचा प्रस्ताव चांगलाच होता. फक्त तो दुःख ऐकून घेण्याआधी आला, आणि मुलाला त्याचा अर्थ ‘तुझ्या रडण्याला कारण नाही’ असा लागला. उपाय सुचवण्याची घाई हा सज्जन, प्रेमळ माणसांकडून होणारा सर्वांत मोठा घोटाळा आहे.

सीताबर्डीच्या बाजारात, मेन रोडवर, संध्याकाळच्या गर्दीत मूल खेळणे हवे म्हणून लोळण घेते, तेव्हा हेच सगळे दहापट अवघड होते, कारण येणारे-जाणारे पाहत असतात आणि आपल्याला लाज वाटते. तिथे समजावत बसू नका. मुलाला उचलून किंवा हात धरून एखाद्या दुकानाच्या पायरीवर, गर्दीबाहेर न्या आणि तिथे क्रम सुरू करा. एकदा ‘नाही’ म्हटलेली वस्तू रडण्यामुळे घेऊन दिली, तर पुढच्या वेळी किती वेळ रडायचे याचे गणित मुलाला कळते. बाजारात जाण्यापूर्वी मात्र घरीच सांगून ठेवा: ‘आज आपण फक्त ताईची चप्पल घेणार आहोत. खेळणे घ्यायचे नाही. तुला मोह होईल, तेव्हा माझा हात दाब.’ आधी माहीत असलेला नकार पचायला सोपा जातो.

६. भावना सगळ्या चालतील, वागणे सगळे चालणार नाही

भावना समजून घेणे म्हणजे मोकळे रान देणे, असा समज करून घेऊ नये. ‘तुला राग आलाय, ते ठीक आहे, ताईला चावायचे नाही’ या वाक्यात दोन्ही भाग हवेत. दुसरा भाग नसेल तर मूल बेबंद होते आणि पहिला नसेल तर ते राग लपवायला शिकते. घराचे नियम तीन-चारच ठेवा आणि ते होकारार्थी सांगा: राग आला तर उशीवर बुक्की मारायची, वस्तू फेकायच्या तर कापडी चेंडू फेकायचा, ओरडायचे तर गच्चीवर जायचे. परिणामही कृतीशी जोडलेला असावा. पाणी सांडले तर पुसायचे, ताईचे चित्र फाडले तर चिकटवून द्यायला मदत करायची. आठवडाभर टीव्ही बंद, ही शिक्षा चार वर्षांच्या मुलाला त्या कृतीशी जोडताच येत नाही.

काही वाक्ये घरातून काढून टाकावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘मुलगा असून रडतोस?’ हे त्यांतले पहिले. ‘रडलास तर पोलीस पकडून नेतील’ हे दुसरे. हरवलेल्या मुलाने मदतीसाठी ज्याच्याकडे धावावे, त्याचीच भीती आपण घालतो. ‘बघ, ती कशी शहाणी आहे’ हे तिसरे, कारण त्यातून शहाणपण येत नाही, हेवा येतो. आणि सुई टोचताना ‘अजिबात दुखणार नाही’ असे खोटे सांगू नये. ‘टोचल्यासारखे दुखेल, दहापर्यंत मोजू तोवर संपेल’ हे सांगितले तर मुलाचा आपल्यावरचा विश्वास टिकतो.

७. भीती वेगळ्या रीतीने हाताळा

रागाला मर्यादा लागते, भीतीला पायऱ्या लागतात. नागपुरातले उदाहरण घ्यायचे तर मारबतीचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारी भागातून काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे इडापिडेचे प्रतीक असलेल्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, तेव्हा तो भव्य पुतळा, ढोल, बडगे (मारबतीसोबत निघणारे पुतळे) आणि हजारोंच्या मुखातली ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी यांनी लहान मूल हादरून जाते. ‘काही होत नाही’ म्हणून त्याला ओढत पुढे नेले, तर भीती पक्की होते. आणि कधीच नेले नाही, तरी ती तशीच राहते. म्हणून आधी छायाचित्र दाखवावे, बांबू, कागद आणि रंग यांनी पुतळा कसा बनतो ते सांगावे, जमल्यास तो तयार होत असताना दुरून दाखवावा, आणि मिरवणुकीच्या दिवशी बाबांच्या खांद्यावरून, गल्लीच्या टोकाशी, कान झाकून पाहू द्यावे. ‘आता घरी’ असे ते म्हणाले की खरोखर घरी यावे. परत फिरता येते हे ठाऊक असलेले मूल पुढच्या वर्षी दोन पावले पुढे जाते. अंधार, कुत्रा, पोहण्याचा तलाव, दंतवैद्य यांच्या बाबतीतही हीच रीत लागू पडते.

८. घरातील सर्वांचा एक सूर

आई नाही म्हणते, आजी पदराआडून चॉकलेट देते आणि बाबा रात्री येऊन ओरडतात, अशा घरात मुलाला भावना हाताळणे शिकण्याऐवजी माणसे हाताळणे शिकावे लागते. म्हणून सुरुवातीला सांगितलेला तो अर्धा तास. मुले झोपल्यावर सर्वांनी बसून फक्त तीन गोष्टी ठरवा: रडताना मोबाइल किंवा खाऊ द्यायचा नाही, मारायचे नाही, आणि एक मोठे माणूस मुलाशी बोलत असताना दुसऱ्याने मध्ये पडायचे नाही. आजी-आबाजींना ‘तुम्हाला कळत नाही’ असे सांगून काही साधत नाही. त्यांच्याजवळ गोष्टी, संयम आणि वेळ आहे. संध्याकाळच्या गोष्टीत ‘मग त्या राजकन्येला काय वाटले असेल?’ एवढा एक प्रश्न घाला, अशी विनंती केली तर ते आनंदाने करतात, आणि कित्येकदा आपल्याहून चांगले करतात.

मोठ्यांच्या हातून आवाज चढलाच, तर शांत झाल्यावर मुलाची माफी मागावी: ‘मी ओरडले, ते चुकले. मला राग आला होता, पण ओरडायला नको होते.’ यानंतर ‘पण तूच…’ असे जोडू नये.

९. शाळेशी बोलणे

वर्गशिक्षकांना वर्षाच्या आरंभीच भेटून मुलाला कशाने त्रास होतो आणि कशाने ते शांत होते, एवढे दोन-तीन वाक्यांत सांगावे. शक्य तर चिठ्ठीवर लिहून द्यावे. तक्रारीचा सूर नसेल तर बहुतेक शिक्षक मनापासून साथ देतात. शाळेत मुलाला मारले किंवा अपमानित केले जात असेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे, हे लक्षात ठेवून मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करावी आणि तिची पोच घ्यावी.

१०. तज्ज्ञांकडे केव्हा आणि कसे जावे

पुढीलपैकी काही दिसले तर वाट पाहू नये: दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी किंवा खेळण्यात मन न लागणे, शाळेत जायला सतत नकार, तपासण्यांत काही न सापडणारी वारंवारची पोटदुखी किंवा डोकेदुखी, झोप व भूक यांत मोठा बदल, स्वतःला किंवा इतरांना इजा करणे, पाच-सहा वर्षांनंतरही उद्रेक वाढतच जाणे. बोलणे, नजर देणे, खेळणे ही आलेली कौशल्ये कोणत्याही वयात गमावली जात असतील, तर लगेच दाखवावे. ‘मला जगायचे नाही’ अशा अर्थाचे मूल काही बोलले, तर ते नाटक आहे असे कधीही गृहीत धरू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

पहिली भेट आपल्या बालरोगतज्ज्ञांचीच असावी, कारण ऐकू कमी येणे, दृष्टिदोष, रक्तक्षय किंवा झोपेतला श्वासाचा अडथळा हेही चिडचिडीमागे असू शकतात. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधील एम्स या रुग्णालयांत मानसोपचार विभागाची बाह्यरुग्ण सेवा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाड्यांतून आणि शासकीय व अनुदानित शाळांतून तपासणी होते, आणि वाढीतल्या अडचणी आढळल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. खासगी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांकडे जात असाल, तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारा. औषधे लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांना असतो, समुपदेशकांना नाही.

घरबसल्या बोलायचे असेल तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून ती चोवीस तास चालते आणि मराठीतही मिळते. मुलावर अत्याचार झाल्याची शंका असल्यास १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

सोबत न्यायची कागदपत्रे:

- मुलाचे आधार कार्ड व जन्मदाखला, आणि पालकांपैकी एकाचे ओळखपत्र.
- लसीकरणाचे कार्ड आणि जन्मावेळची रुग्णालयाची कागदपत्रे, विशेषतः मूल अपुऱ्या दिवसांचे असेल तर.
- आधीच्या तपासण्यांचे अहवाल, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, कान व डोळे तपासले असल्यास त्यांचे निष्कर्ष.
- शाळेचे प्रगतिपुस्तक आणि शिक्षकांनी लिहून दिलेले निरीक्षण.
- दुसऱ्या टप्प्यातली नोंदवही.

यांपैकी नोंदवही सर्वांत उपयोगी पडते. डॉक्टर ‘किती वेळा होते, किती वेळ टिकते, आधी काय घडते’ हेच विचारतात, आणि मूल शेजारी बसलेले असताना आठवून आठवून त्याच्या तक्रारी मोठ्याने सांगण्याऐवजी वही पुढे करता येते. सरकारी रुग्णालयात केसपेपरसाठी सकाळी लवकर पोहोचा, मुलाचा डबा, पाणी आणि आवडीचे खेळणे सोबत घ्या, आणि घरून निघण्याआधी त्याला खरे ते सांगा: ‘आपण एका डॉक्टरांकडे जातोय. त्या सुई टोचत नाहीत. त्या मुलांशी बोलतात, खेळतात आणि जास्त राग आला तर काय करायचे ते शिकवतात. मी पूर्ण वेळ तिथेच असेन.’ डॉक्टरांना मुलाशी काही वेळ एकट्याने बोलायचे असेल तर बाहेर नेमके कुठे बसणार आहात, ती खुर्ची त्याला आधीच दाखवून ठेवा.